फोटोतली कोरी जागा

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात सानगडीच्या बाजारात भाजीपेक्षा माणसंच जास्त झाली होती. हळद्या महाराज आले होते ना! हळदीत भिजवलेला रुमाल ते रोग्याच्या पोटावर अंथरत आणि वरून पंजा फिरवत. आत गाठ असली की रुमालावर रक्तासारखा लाल डाग उमटे. मग मंत्र, फुंकर, अंगारा. पुढच्या खेपेला रुमाल पिवळाच राहिला की रोग पळाला!

"पोटातलं पोटाबाहेर, हळद्याची नजर आरपार!" महाराज आरोळी ठोकत आणि लोक नारळ घेऊन एकमेकांच्या अंगावर पडत.

चिखल्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा भोजराज सुटीत गावी आला होता. गर्दीत त्याला थोरली बहीण धुरपता दिसली. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. दिवाळीनंतर तिचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे 'बरी झाली' असा निरोप आला, म्हणून तो निर्धास्त होता.

"बाई, नागपूरले ऑपरेशन केलं नाही का?"

"कायले?" तिचा नवरा तेजराम हसला. त्यानं पिशवीतून दवाखान्यातला मशीनचा फोटो काढला. काळ्या ठिपक्यांनी भरलेलं यकृत आणि मधोमध लिंबाएवढी कोरी जागा. "डाक्टर म्हणे, कापू. महाराजांनं तवाच फोटो पायला अन् सांगतलं, रोग असता त डाग असता. इथं त काहीच नाही!"

भोजराजनं फोटो हातात घेऊन कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"भाऊजी, ते कोरं हाये तेच गाठ होय! सुईतून रक्तात किरणं टाकणारे धुळीहून बारीक कण सोडतात, मशीन ते टिपते. चांगलं यकृत ते धरून ठेवते, तिथं ठिपके उमटतात. गाठ धरत नाही, मणून जागा कोरी राह्यते. तवा लहान होती, काढता आली असती!"

मग तो संतापून गर्दीत घुसला. तेजरामच्या तंबाखूच्या डबीतला ओला चुना त्यानं तळहाताला फासला आणि महाराजांचा पिवळा रुमाल दाबला. लालभडक डाग!

"आता काय या रुमालाले कॅन्सर झाला? हळदीले चुना लागला का ते लाल होते. पंजा चुन्याच्या निवळीत भिजवला का रोग, धुतला का बरा!"

"खरंच त!" म्हातारी जनाबाई पुटपुटली. "आमी घरी कुंकू असंच करत होतो."

घरोघर ठाऊक असलेली गोष्ट बाजारात कुणालाच आठवली नव्हती. लोक हसेपर्यंत महाराज जीपमध्ये बसून पसार झाले.

भोजराज जिंकला, पण त्या जिंकण्याचा काडीचा उपयोग नव्हता. नागपूरला पुन्हा फोटो निघाला. या खेपेला ठिपकेच कमी होते, कोरी जागा जास्त. डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही. बाहेर बाकावर धुरपतानं विचारलं, "आता काय दिसलं रे?" पोरांना सगळं समजावून सांगणारा भोजराज फोटो पिशवीत सरकवून तिच्यासाठी पाणी आणायला उठला.

पोळ्याच्या आत ती गेली.

तेराव्याला तेजराम म्हणाला, "डाक्टरले इचाराची लाज वाटली, भोजराज. एवढंच इचाराचं होतं, हे कोरं काहून हाये?"

म्हणून सांगतो, बाबांनो, विचारा. डॉक्टरला विचारा, मास्तरला विचारा, महाराजालाही हात धुऊन पुन्हा करून दाखव म्हणा. समजेपर्यंत विचारा. विचारल्यानं कुणी मरत नाही. धुरपता मेली, ती न विचारल्यानं.