धुवायचा राहिलेला पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मला बघून आता कोणी पाटा म्हणत नाही. लोक मला स्मारक म्हणतात आणि चपला काढून माझ्यासमोर उभे राहतात.

रिठदकडून वाशीमला जाणारी गाडीवाट आमच्या लहानशा गावाच्या कडेने जाते. तिथे एका कडुनिंबाखाली दगडी ओटा आहे. ओट्याच्या माथ्यावर मधोमध जो काळा, पसरट, जरा खोलगट दगड दिसतो, तो मी. माझ्या एका अंगाला उखळ बसवलेलं आहे आणि दुसऱ्या अंगाला विळ्याला धार लावायचा दगड. आम्ही शेजारी आहोत, पण आमचं फारसं बोलणं नाही. दगडांचं कुठे असतं?

लखमा वडाराच्या बापाने मला खाणीतून काढलं आणि घडवलं. छिन्नी-हातोड्याने त्याने माझ्या अंगभर बारीक खाचा पाडल्या. याला टाकी लावणं म्हणतात. खाचा नसल्या तर पाट्यावर काही वाटलंच जात नाही, नुसतं घसरतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं माणसं मोठ्या तोंडाने सांगतात. मी घाव भरपूर सोसले. देवपण राहिलं बाजूला, माझ्या वाट्याला मिरच्या आल्या.

रिठदच्या बाजारात मला कस्तुराबाईने पसंत केलं. तेव्हा ती नवी नवरी होती. तिचा नवरा इंद्रभान मला खांद्यावर घेऊन निघाला खरा, पण वाटेत दर झाडाखाली टेकला आणि दर वेळी कुरकुरला.

“कस्तुरा, एवढा भारी पाटा कायले घेतला वं? लहान नोता काय?”

“लहान पाटा लवकर झिजते,” ती म्हणाली. “हा आपल्या नातवाइले पुरन.”

मग मी तिच्या घरचा झालो. माझ्यावर तिने काय काय वाटलं ते सांगत बसलो तर तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. पण तिचा हात खरा बसायचा तो ठेशावर. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ आणि वरून कच्च्या तेलाची धार. शेजारणी काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि भाकरीचा तुकडा माझ्यावरून पुसून घेऊन जायच्या. वाटून झालं की मला धुतल्याशिवाय कस्तुराबाई उठत नसे. नारळाच्या शेंडीने घासायची, तांब्याभर पाणी ओतायची आणि भिंतीशी उभा करून ठेवायची. “पाटा खरकटा तं घर खरकटं,” असं तिचं म्हणणं होतं.

तिला लेक झाली, तिचं नाव पंचफुला. बाळ पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी पाचवी पुजतात, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. पाटा मांडायचा, त्यावर वरवंटा ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं, दिवा लावायचा. मग सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. पंचफुलाची पाचवी माझ्यावरच पुजली. त्या एका संध्याकाळपुरता मी देव झालो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरच्या. माझी काही तक्रार नव्हती. वर्षातून एकदा लखमा येऊन मला टाकी लावून जाई. माझे दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

एकोणीसशे चौपन्न साली प्रयागला कुंभमेळा होता. पंचफुला लग्न होऊन कामरगावला नांदत होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, वैशाखात होणार होतं. लेकीचं सुखरूप होऊ दे म्हणून संगमात एक बुडी मारून येते, असं कस्तुराबाईने ठरवलं. गावातला शालिग्राम नावाचा शेतकरी निघाला होता, जवळच्या तांड्यावरची रामीबाई निघाली होती. सोबत चांगली होती. इंद्रभानच्या शेतात कपाशी फुटलेली, घरी बैल. तो मागे राहिला.

निघायच्या सकाळी तिने वाटेसाठी माझ्यावर ठेसा वाटला. पुरचुंडी बांधते तोच बाहेर गाडीवानाने हाक दिली. वाशीमपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार आणि अकोल्याहून आगगाडी, असा लांबचा पल्ला होता. कस्तुराबाई हात पुसत उठली. मला न धुता ती उठली, असं पहिल्यांदाच झालं.

“आवो,” ती दारातून नवऱ्याला म्हणाली, “पाटा तेवढा धुऊन ठेवजा. पंचफुलाच्या पाचवीले हाच लागन.”

“धुतो, धुतो,” इंद्रभान हसत म्हणाला. “तू चाल, गाडी चालली जाईन.”

कडुनिंबापर्यंत तो तिला पोचवून आला. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला, मिरचीने माखलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. पाटा धुणं हे पुरुषाचं काम नव्हे, असं तेव्हा आमच्या गावात होतं. त्यातून शेतात वेचणीच्या बाया येऊन बसलेल्या. “उद्या धुतो,” असं तो मलाच म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. ठेसा माझ्या खाचांत वाळत गेला.

मौनी अमावस्येला प्रयागला अफाट गर्दी झाली आणि चेंगराचेंगरीत देशभरातून आलेली शेकडो माणसं गेली. ही बातमी वाशीमला वर्तमानपत्रातून आली आणि आमच्या गावात बबनरावांच्या तोंडून आली. बबनराव म्हणजे गावातले वडीलधारे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. आठवडाभराने आसपासच्या गावांतून गेलेली, वाचलेली माणसं परतली. कस्तुराबाई, शालिग्राम आणि रामीबाई त्यांच्यात नव्हती. त्यांचे देह आले नाहीत आणि राखही आली नाही.

सांगणारे रडत होते. इंद्रभानने सगळं ऐकून घेतलं आणि “बरं” म्हणाला. मग उठून बैलांना कडबा टाकला. त्या दिवशी रडला नाही, तेराव्यालाही रडला नाही. मिठासोबत भाकरी खायचा, शेतात जायचा, यायचा आणि निजायचा. कोणी बोललं तर “हो” म्हणे, नाहीतर तेही नाही. माणूस गोटा झाला, असं लोक म्हणू लागले. हे मला मुळीच पटलं नाही. गोटा मी आहे. गोट्याला भूक लागत नाही आणि गोटा पहाटे उठून दुसऱ्याच्या अंथरुणाची घडी घालत नाही. इंद्रभान रोज घालायचा, कोणी निजलेलं नसतानाही.

पंचफुला माहेरी आली. रडून मोकळी झाल्यावर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला धुवायला तिने तांब्या घेतला.

“राहू दे,” बाप म्हणाला.

“काहून बाबा? वाळून राह्यला पाटा.”

“राहू दे म्हनतो ना.”

तिने तांब्या खाली ठेवला. ते काम सांगितलेलं होतं त्याला. दुसऱ्या कोणाला ते तो करू देईना आणि त्याच्या स्वतःच्याने ते होईना.

चैत्रात बबनरावांनी गोष्ट काढली की ज्यांची राखही घरी आली नाही त्यांच्यासाठी काहीतरी असावं. ज्या कडुनिंबाखालून ती माणसं निघाली तिथेच ओटा बांधायचा. पण त्यात ठेवायचं काय? एकजण लुगडं म्हणाला, दुसरा पागोटं म्हणाला. लखमा वडार म्हणाला, “वटा बांधाचा हाये बाप्पा. कापड सडून जाईन. दगडात दगडच बसते. ज्याच्या त्याच्या घरचा रोजच्या हातातला गोटा आना.” म्हणून रामीबाईचं उखळ आलं, शालिग्रामचा धारेचा दगड आला आणि मी आलो.

इंद्रभानने मला खांद्यावर घेतलं. आता त्याचं वय झालं होतं. पण या वेळी तो वाटेत कुठेही टेकला नाही आणि कुरकुरलाही नाही. माझा भार त्याला कळतच नव्हता. मला त्याची फार भीती वाटली.

“भाऊ, पानी मारून घेऊ काय?” लखमाने विचारलं. “मिरची लागून हाये.”

“नको.”

“अन् वरवंटा?”

इंद्रभान घराकडे चालू लागला. वरवंटा घरीच राहिला.

तेव्हापासून लोक येऊ लागले. आसपासच्या गावांतून येतात, वाशीमहून येतात. हात जोडतात, ओट्यावर कोरलेली तिघांची नावं वाचतात आणि मग गाडी किती वाजता आहे ते विचारतात. शाळेची मुलं रांगेने येतात. गुरुजी शांत उभं राहायला सांगतात, मुलं शांत उभी राहतात आणि मुंगळ्यांकडे बघतात. मला त्यांचा राग येत नाही. उन्हात तापावं आणि गार व्हावं, एवढंच तेव्हा मलाही कळत होतं. रामीबाईची सून सोनीबाई मात्र बाजाराच्या दिवशी तांड्यावरून यायची, उखळावरचा पाला काढायची, घटकाभर टेकायची. इंद्रभान आला नाही. वाशीमला जायचं झालं तर तो शेतातून वळसा घालून जाई.

वैशाखात, वळवाचा पाऊस अजून यायचा होता तेव्हा, एका संध्याकाळी तो आला. एका हातात कळशी होती, खांद्यावर उपरण्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. बाजाराचा दिवस म्हणून सोनीबाई ओट्याशी बसली होती आणि बबनराव निंबाखाली तंबाखू मळत होते.

“कुठं चालला गा, इंद्रभान?” बबनरावांनी विचारलं.

“इथंच. नात झाली मले. आज पाचवी हाये.”

त्याने उपरणं सोडलं. आत वरवंटा होता, नारळ होता, दिवा होता. बबनरावांचा तंबाखू हातातच राहिला.

“अरे, शुभाचं काम हे! मेलेल्या मानसाइच्या वट्यावर सटवाई मांडतेत काय कुठं? माह्या घरचा पाटा ने. कोरा हाये.”

“पंचफुला म्हनते, मायनं हाच सांगतला होता.”

“ते बाळंतीन हाये, तिले काय समजते? उद्या पोरीले काही झालं तं लोक तुलेच बोल लावतीन.”

इंद्रभान घुटमळला. बबनरावांचा शब्द मोडणं त्याला ठाऊक नव्हतं. कळशी तशीच घेऊन तो मागे वळला. आता हा पुन्हा कधी येणार नाही, असं मला वाटलं. मी दगड असलो तरी मला ते वाटलं.

तेवढ्यात सोनीबाई उठली. “बबनरावजी,” ती म्हणाली, “मानसं मेली. पाटा कुठं मेला?”

बबनराव पुन्हा तंबाखू मळू लागले. इंद्रभान परत फिरला आणि त्याने माझ्यावर पाणी ओतलं.

मित्रांनो, तीन महिने वाळलेली मिरची भिजली आणि वास उठला. लसूण, तेल, कस्तुराबाईची ती सकाळ. इंद्रभान हाताने मला चोळू लागला. त्याला चोळता येत नव्हतं.

“नारळाची शेंडी घ्या, भाऊ,” सोनीबाई म्हणाली. “द्या, मी घासते.”

“नाही बाई. मले सांगतलं होतं.”

शेंडीने तो घासत राहिला. खाचेतली मिरची निघता निघेना. हात लाल झाले, झोंबले असणार, पण तो थांबला नाही. कळशी संपली तेव्हा सोनीबाईने विहिरीवरून दुसरी आणून दिली. पाणी स्वच्छ निघू लागल्यावर त्याने माझ्यावर तळहात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, घरात बोलावं तसा म्हणाला,

“कस्तुरा, धुतला वं पाटा.”

मग तो काही वेळ वाट बघत उभा राहिला. कोणी उत्तर देईल असं त्याला वाटलं असेल. कोणी दिलं नाही.

सोनीबाईने सांगितलं तशी त्याने पूजा मांडली. किती दिवसांनी वरवंटा माझ्यावर आला! वाऱ्याने दिवा विझू लागला तेव्हा बबनराव उठले, डोक्याचं पागोटं सोडून त्याचा आडोसा धरला आणि दिवा लागेपर्यंत तसेच वाकून राहिले. इंद्रभानने माझ्यावरचं कुंकू पानात घेतलं आणि नातीच्या कपाळी लावायला घराकडे गेला. चालता चालता तो रडत होता की नाही, ते मला दिसलं नाही. त्याची माझ्याकडे पाठ होती.

ती पोर आता चालते. आजोळी आली की ओट्यावर चढते आणि माझ्या खोलगट भागात नेमकी बसते. गावात आणखी दोन घरच्या पाचव्या माझ्यावर पुजल्या गेल्या. तुम्हीही आलात तर खुशाल बसा, बोरं खा. दगडाला कशाचं ओझं? फक्त जाताना बिया उचला आणि जमलं तर तांब्याभर पाणी घाला. आणि घरातून निघताना कोणी काही काम सांगून गेलं, तर ते त्याच दिवशी करा, लहान असलं तरी करा.

इंद्रभान आता दर बाजाराच्या दिवशी येतो. बरोबर कळशी असते, नारळाची शेंडी असते. माझ्यावर कोणी काही वाटत नाही, मी खरकटा होत नाही. तरी तो पाणी ओततो, बाही वर सारतो आणि धुतलेला पाटा पुन्हा धुतो.