कपाळावर कुंकू लागलेलं कार्ड

खंडेनवमीला अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या घरात देवयानीने लॅपटॉप, सुरी आणि गाडीची किल्ली पूजेला मांडली. नवऱ्याचा जीव की प्राण म्हणून त्याच्या संग्रहातलं सत्तर वर्षं जुनं, बेसबॉल खेळाडूचं चित्र छापलेलं कार्डही ठेवलं आणि त्यावरच्या खेळाडूला कुंकू लावलं.

मनोहरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, वाट लावलीस कार्डाची!"

तरी अशी कार्डं जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात आवडतं कार्ड दाखवायची वेळ आली, तेव्हा त्याने तेच काढलं. म्हाताऱ्या वॉल्टरने भिंगातून निरखलं. "इतकी वर्षं हा आउट होऊन परतल्यासारखा दिसायचा," तो म्हणाला, "आज खेळायला निघालाय!"

रविवारी वॉल्टर स्वतःचं कार्ड घेऊन दारात हजर. देवयानीने करंडा उघडताच मनोहर ओरडला, "टोपीवर नको, नीट कपाळावर लाव!"