चौथ्या सत्रातली आर्डिस

माझी बायको आर्डिस बाहेरगावच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात चौथं, म्हणजे शेवटचं, सत्र सुरू झालं की उठते, कोट चढवते आणि स्टेडियमबाहेर जाऊन गाडीत बसते. अडतीस वर्षं बसते आहे. ती आमच्या संघाला अशुभ आहे असं कोणी म्हणत नाही. ती बाहेर असलेली बरी, एवढंच सगळ्यांचं मत आहे. सगळ्यांचं म्हणजे माझं.

झालं असं, की अडतीस वर्षांपूर्वी पायटन फोर्कच्या मैदानावर आमच्या कॉलेजचा संघ, म्हणजे साळिंदरं, तेरा गुणांनी मागे होता. थंडी वाढली म्हणून आर्डिस गाडीतली घोंगडी आणायला गेली आणि ती परत येईपर्यंत साळिंदरांनी एकवीस गुण काढले. इतका ढळढळीत पुरावा समोर असताना माणसाने काय करायचं? पुढच्या वेळी मी तिला म्हटलं, "आर्डिस, आज घोंगडी मुद्दाम गाडीतच ठेवू या." ती माझ्याकडे बघत राहिली, पण गेली. तेव्हापासून बाहेरगावचे एकशे नव्वद सामने झाले आणि त्यातले आम्ही एक्याऐंशी जिंकलो. मी चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. असल्या गुणाचं औषध मी गाईंना दिलं असतं, तर लोकांनी मला नेब्रास्काच्या हद्दीबाहेर सोडून दिलं असतं. पण फुटबॉल गाईइतका शास्त्रीय नाही.

यंदा एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझं गाडी चालवणं बंद केलं. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला आहे म्हणाल्या. कडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. त्या हे सांगत होत्या तेव्हा आर्डिस बाहेर बसली होती, त्यामुळे तिला मी बेताचंच सांगितलं. "रस्त्यावरचं भरभर जाणारं जमायचं नाही म्हणतात. बाकी ठणठणीत."

खरं म्हणजे मला बँडवाले दिसायचे, प्रेक्षक दिसायचे, वरचं आकाश दिसायचं. ज्याच्याकडे बघावं तो चेंडू तेवढा दिसत नव्हता. घरच्या मैदानावर त्याने काही अडलं नाही. आमच्या गावचं रेडिओ केंद्र सामना सांगतं, आणि कानटोपीखाली इअरफोन कोणाला दिसत नाही. मी लोकांच्या बरोबरीने उठायचो, ओरडायचो, एकदा तर पंचाला आंधळा म्हणालो. पण पायटन फोर्क दोनशे मैलांवर. आमचं केंद्र शंभर मैलांनंतर खोकायला लागतं आणि मग गप्प होतं.

मग घरी का नाही राहिलो? कारण घरी आम्ही दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही बघतो. बोलतो ते गाडीत. सकाळी लवकर निघायचं, मोठा हायवे टाळायचा, दुपदरी रस्त्याने कापणीला आलेल्या मक्यामधून जायचं, नाश्त्याला पेट्रोल पंपावरचा पिझ्झा. मुलीच्या लग्नाचं, दवाखाना विकण्याचं, आर्डिसच्या गाठीचं (साधीच निघाली ती), सगळं मोठं बोलणं आम्ही या शनिवारच्या रस्त्यांवर केलं. मला सामना दिसत नाही हे कळलं असतं तर ती एकच प्रश्न विचारणार होती: न दिसणाऱ्या खेळासाठी दोनशे मैल कशाला? आणि मग हे शनिवार संपले असते. म्हणून मी गप्प होतो.

त्या शनिवारी आर्डिस चालवत होती.

"मर्ल, पाय उचल. तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."

"ट्रॅक्टर अगदी अंगावर आला होता."

"तो शेतात होता."

अकरा वाजता पायटन फोर्कला गाडीची डिकी उघडून आम्ही चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल खाल्ले. आर्डिसने एक रोल कागदात गुंडाळून वेगळा ठेवला.

"व्हर्नाला."

व्हर्ना ही पायटन फोर्कचीच. ते लोक स्वतःला हंस म्हणवतात आणि निळं घालतात. अडतीस वर्षांपूर्वी तीही चौथ्या सत्रात बाहेर बसली होती, नवऱ्याच्या आरडाओरड्याला कंटाळून. तेव्हापासून वर्षाआड तासभर दोघी शेजारी बसतात. ना फोन, ना पत्र. व्हर्ना रानअक्रोडाचा केक आणते, आर्डिस रोल नेते. नवरा वारल्यावरही व्हर्ना चौथ्या सत्राला त्याच जागी येते.

पहिली दोन सत्रं मी आजूबाजूच्या आमच्या हिरव्या कोटांवर ढकलली. आमचे लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. तिसऱ्यात नेमके शेजारचे चिली बाधून निघून गेले. मागून प्रचंड गलका झाला, मी उडालो आणि मूठ उगारून ओरडलो, "शाब्बास रे वाघा!"

पण तो गलका निळ्यांचा होता. हिरवे सगळे बसलेले, मी एकटा उभा.

"मर्ल," आर्डिस हळूच म्हणाली, "त्यांनी गुण काढले."

"खेळाडूवृत्ती म्हणून काही असतं."

"तुझ्यात?"

मी बसलो. ती गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत असावी. मी सरळ तिच्याकडेच बघत होतो, म्हणून नक्की सांगता येत नाही.

तिसरं सत्र संपलं. आम्ही एकोणीस, ते वीस. आर्डिसने कोटाची बटणं लावली, रोल घेतला आणि उठली. मी तिची बाही धरली.

"आज नको जाऊस."

"अरे, एका गुणाचा फरक आहे. हरलात तर वसंतापर्यंत माझ्याकडे डोळे वटारून बघशील."

"मला बघताच येत नाही," मी म्हणालो. "चेंडू दिसत नाही. एप्रिलपासून नाही. घरी रेडिओ ऐकून ओरडतो."

आर्डिस उभीच राहिली. मागच्या माणसाने तिला बसायला सांगितलं, तिने त्याला थांबायला सांगितलं.

"आणि हे मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस, दिसत नाही तर एवढ्या लांब जायचं कशाला?"

"मी विचारलं असतं?" तिचा आवाज चढला. "मर्ल, अडतीस वर्षं दोनशे दोनशे मैल येऊन मी गाडीच्या काचेतून कुंपण बघतेय. न बघता सामन्याला कसं यायचं, हे तू मला समजावणार?"

मागचा माणूस म्हणाला, "ताई, हे बरोबर आहे, पण बसा." ती बसली.

चौथं सत्र सुरू झालं. आर्डिसच्या वर्णनाबद्दल मी एवढंच म्हणेन, की तिने जन्मात हे काम केलं नव्हतं.

"आपले तिकडे गेले. आता परत आले. एकाची चड्डी फाटलीय."

"चेंडू कुठाय?"

"सगळे एकमेकांवर पडलेत. खाली असेल. असावा."

"किती पुढे सरकलो?"

"आपल्या बैठकीच्या खोलीएवढे. सोफा धरून."

असे बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि गॅरेज मिळून साळिंदरं खांबांच्या टप्प्यात आली. चार सेकंद उरले होते. आता चेंडू लाथाडून दोन खांबांमधून घातला की तीन गुण. तेवढ्यात माझ्या डाव्या कडेला एक निळा कोट हिरव्या लोकांमधून पायऱ्या चढताना दिसला. कडेचं मला दिसतं, म्हणून व्हर्ना आधी मलाच दिसली. धापा टाकत, कठड्याला धरून, काखेत केकचा डबा.

"जिवंत आहेस!" ती आर्डिसवर ओरडली. "अगं भवाने, जिवंत आहेस आणि इथे बसलीयेस!"

"व्हर्ना! तू वर कशी आलीस? तुझे गुडघे!"

"गुडघे गेले चुलीत. वीस मिनिटं तुझ्या गाडीच्या काचेला नाक लावून उभी होते. गाडी आहे आणि तू नाहीस. म्हटलं, यंदा म्हातारा एकटाच आला. देवाशी बोलूनसुद्धा घेतलं मी तुझ्याबद्दल."

"काय बोललीस?"

"चांगलंच बोलले. आता परत घ्यावं लागेल."

आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. डबा माझ्या मांडीवर आला. खाली आमचा लाथ मारणारा पोरगा सरसावला असणार, कारण निळ्यांनी त्याला बिचकवण्यासाठी कान फाटेल असा आवाज सुरू केला.

"आर्डिस, काय चाललंय?"

कोण सांगणार! दोघींच्या चार डोळ्यांत मिळून बघण्याच्या कामाचा एकही शिल्लक नव्हता. मी डबा धरून ऐकत राहिलो.

आवाज वाढत गेला आणि तुटला. वीस हजार निळे एकदम गप्प. परक्या गावात आपलं भलं झालेलं असं कळतं. मग आमचे दोनशे हिरवे ओरडायला लागले आणि मागच्या माणसाने माझ्या पाठीत गुद्दे घातले.

व्हर्ना नाक पुसत म्हणाली, "म्हणजे तू आत असलीस तरी जिंकतात की! अडतीस वर्षं उगाच थंडीत बसलीस."

"उगाच कसं?" आर्डिस म्हणाली. "तू नव्हतीस का?"

मग ती माझ्याकडे वळली. एरवी परतीच्या वाटेवर चौथं सत्र तिला मीच सांगतो, जरा वाढवून. "पण झालं कसं? एवढं बसून मी बघितलंच नाही. सांग ना, मर्ल."

व्हर्नाही खाली टेकली. मी केकचा डबा उघडला, घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो. पोरगा तीन पावलं मागे गेला, हात पुसले, वर बघितलं. वारा डावीकडून होता, असं मी ठरवलं.