मेणाचा एक हात

गॅरेजात त्याला सगळे पेंटरच म्हणत. सासरेही थट्टेच्या रंगात असले की "या पेंटरसाहेब" म्हणून दार उघडत, एरवी जावयाला रीतसर अहोजाहो करत. वीस वर्षं गाड्या रंगवून त्याचा हात असा बसला होता की ठोकून सरळ केलेला दरवाजा कुठला आणि मूळचा कुठला, हे गाडीच्या मालकालाही कळत नसे. म्हणूनच सासऱ्यांनी ते विमान त्याच्या हवाली केलं.

विमान वीतभर लांबीचं, प्लास्टिकचं. सासरे निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यांना छोटी विमानं जोडायचा नाद. हे मात्र त्यांच्या नेहमीच्या लढाऊ विमानांपैकी नव्हतं. शेतांवर औषध फवारणारं एक साधं पिवळं विमान होतं ते. ज्या वर्कशॉपमध्ये सासूबाई अक्षरं रंगवायच्या कामाला होत्या, तिथलं. खऱ्या विमानाच्या दोन्ही कुशींवर आणि पंखाखाली त्यांनी स्वतः ब्रशनं नंबर घातला होता, दोन-सात-चार. त्या गेल्यानंतर सासऱ्यांनी जुना फोटो समोर ठेवून, भिंगाखाली, बारीक पेनानं तोच नंबर नखाएवढा करून डिकलच्या कागदावर तीनदा काढला. सासूबाईंच्या सातला पोटात किंचित बाक असे, तोसुद्धा सोडला नाही. दोन महिने गेले त्यात. कागद पाण्यात भिजवला की आकड्यांसकट एक पातळ पापुद्रा सुटतो आणि रंगावर जाऊन बसतो, असा तो प्रकार. पुढे सासऱ्यांना झटका आला, त्यातून ते सावरले, पण उजवा हात थरथरू लागला. आता ते तीन नंबर पुन्हा निघणार नव्हते.

कामाची वाटणी ठरली. रंग जावयानं द्यायचा, डिकल लेकीनं बसवायचे. ती दातांच्या कवळ्या बनवायची, बारीक कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सासऱ्यांनी जावयाला समोर बसवून सगळं सांगितलं. पिवळा रंग मॅट आहे, म्हणजे भिंगातून खडबडीत. त्यावर डिकल टेकवला तर खाली हवा अडकते आणि पांढुरकी झाक दिसते. म्हणून आधी क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी लॅकरचा, चकचकीत थर मारायचा, दोन दिवस हात लावायचा नाही. दाणा राहिलाच तर ओल्या वॉटर पेपरनं घासून पुन्हा क्लिअर, पुन्हा दोन दिवस. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुवायचं. "आणि पॉलिश नको," ते म्हणाले. "गाडी नाही ती." जावई हसला. रंगाबद्दल आपल्याला कोणी शिकवावं, याची त्याला थोडी गंमतही वाटली.

त्या आठवड्यात गॅरेजात गाड्यांची रांग लागली होती. गुरुवारी त्यानं घाईघाईत क्लिअर मारला, आणि शेजारीच कोणीतरी बंपर घासत होतं. शुक्रवारी बघतो तर दोन्ही कुशींवर धूळ बसून वाळलेली. रविवारी डिकल बसवायचे ठरले होते. बायकोनं त्यासाठी रविवारची पाळीही बदलून घेतली होती. पुन्हा घासायचं म्हणजे रविवार हुकणार. त्यानं धुळीचे दाणे वॉटर पेपरनं उडवले आणि आलेला धुरकटपणा घालवायला कापडावर गाडीच्या पॉलिशचं मेण घेऊन दोन्ही कुशींवर एक हात फिरवला. विमान आरशासारखं चमकलं. वरवर पुसलं आणि डब्यात ठेवलं. पंखाकडे बघायला वेळच झाला नाही.

रविवारी सकाळी सासऱ्यांनी विमान उजेडात धरलं आणि ते खूश झाले. धुतलंत ना, असं त्यांनी सहज विचारलं. तो हो म्हणाला. खोटं बोलतोय असं तेव्हा त्याला वाटलंसुद्धा नाही. कापडानं पुसलं होतंच की.

बायकोनं श्वास रोखून डाव्या कुशीवर पहिला नंबर सरकवला, मग उजवीकडचा. सासरे शेजारी बसून नुसत्या डोळ्यांनी तिला मदत करत होते. दोन्ही बसल्यावर ते आत जाऊन तोंड धुऊन आले. पंख अजून घासायचा होता, त्याचा नंबर पुढच्या वेळी लावू असं ठरलं.

बुधवारी सासऱ्यांचा फोन आला. कडा उचलल्या होत्या. बायको धावत गेली, तोही गेला. सातचा बाक रंगापासून सुटून वर आला होता. तिनं ओल्या ब्रशनं तो हळूच खाली दाबायला घेतला आणि पापुद्रा गोळा झाला. सावरायला गेली तर तुटला. दुसऱ्या बाजूचा नुसत्या स्पर्शानं निघाला आणि ब्रशला चिकटून बसला.

सासरे म्हणाले, कागद जुना होता, गोंद मेला असणार, चूक माझीच. बायको म्हणाली, नाही बाबा, मी पाण्यात जास्त वेळ ठेवला, गोंद सगळा धुऊन गेला. दोघं एकमेकांच्या वाटचा दोष ओढून घेत होती आणि पेंटर मध्ये उभा होता. त्याला पहिल्या क्षणीच कळलं होतं. मेण लागलेल्या जागी रंगही धरत नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. तो नव्या पोरांना ओरडून सांगायचा ते. जिभेवर आलंही. पण सासरे म्हणाले, "जाऊ दे, चहा टाक," आणि तो क्षण गेला.

नंतर रोज तो क्षण थोडा थोडा लांब गेला. बायको कामावरून आली की हात पुढे धरून बघायची. तिनं एक झालेली कवळी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली, कारण म्हणे तिच्या हातावर तिचाच विश्वास राहिला नव्हता. तो म्हणाला, काहीतरीच काय. त्याला स्वतःचाच आवाज ऐकवेना. गॅरेजात मेणाचा डबा दिसला की तो दुसरीकडे बघायचा.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच सासऱ्यांकडे गेला. बसलाही नाही. दारातच म्हणाला, "बाबा, मी मेण लावलं होतं. आणि धुतलं नव्हतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओरडतील म्हणून त्यानं मान खाली घातली होती. ते ओरडले नाहीत.

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी का आलात? मी सोपा वाटलो?"

ते खरं होतं.

संध्याकाळी बायको वाळलेले कपडे घडी करत बसली होती तेव्हा त्यानं सांगितलं, गुरुवारपासून सगळं, काही न गाळता. ती घड्या घालत राहिली. त्याचा एक शर्ट तिनं उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "आईचं अक्षर गेलं, ते मी कसंतरी सोसलं असतं. पण नऊ दिवस मी माझे हात तपासत होते आणि तू समोर बसून जेवत होतास."

चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिनं विमानाचा डबा टेबलावर आणून ठेवला. पंखाचा नंबर अजून कागदावरच आहे, तेवढं नीट करून दे, म्हणाली.

त्यानं तीन दिवसांची रजा टाकली. गॅरेजचा मालक विमानासाठी रजा ऐकून हसला, त्यानं हसू दिलं. गॅरेजात धूळ उडते म्हणून घरच्या न्हाणीघरात भिंतींवर पाणी मारून तो बसला. विमान साबणानं धुतलं, मेणाचा अंश राहू नये म्हणून पुन्हा धुतलं. सर्वांत बारीक वॉटर पेपर ओला करून पंख घासला, इतका हलका की कागदाचा आवाजही येऊ नये. पातळ क्लिअर मारला, वाळू दिला, दुसरा मारला. दोन दिवस विमान झाकून ठेवलं आणि खरोखरच हात लावला नाही. मग कोमट पाणी, साबण, साधं पाणी. शेवटी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. गोळा न होता तो सपाट पसरला, म्हणजे मेण उरलं नव्हतं, तेव्हा त्यानं बायकोला बोलावलं.

नंबर बसला. आठवड्यानं पाहिला, महिन्यानं पाहिला, कडा जागच्या जागी होत्या.

कुशी मात्र कोऱ्याच राहिल्या. पेंटरनं भीत भीत विचारलं होतं की फोटोवरून कोणाकडून तरी काढून घेऊ का. सासऱ्यांनी मानेनंच नाही म्हटलं. आता विमान त्यांच्या कपाटावर आहे. आलेगेले विचारतात की हे अर्धवट का राहिलं. सासरे विमान उलटं करून पंख दाखवतात आणि हे आमच्या हिच्या हाताचं वळण, एवढंच सांगतात. बाजू कोऱ्या का, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. असं कोणी विचारलं आणि पेंटर तिथे असला की तो उठून आत पाणी प्यायला जातो. बायको त्याला जाताना बघते. कधी कधी तीही मागोमाग येते, माठाशी उभी राहते, आणि दोघं बरोबरच परत बाहेर येतात.