डोंगराचा होकार

डोंगराने मान डोलावली आणि मंडपात दाटीवाटीने बसलेली सगळी वाडी एकदम पुढे झुकली. कुणी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, कुणी शेजारणीचा दंड घट्ट धरला. समोरच्या मोठ्या टीव्हीवर आमचा, जावा बेटावरचा, ज्वालामुखी दिसत होता. त्याला नावाने हाक मारायची इथे कुणाची छाती नाही, सगळे 'आजोबा' म्हणतात. टीव्हीवरचे आजोबा अलगद खाली वाकले, क्षणभर तसेच थांबले आणि पुन्हा ताठ झाले.

"मी काय विचारलं?" वाडीचे मांत्रिक वोंगसो, सगळ्यांचे म्बाह म्हणजे वडीलधारे, माइकमध्ये घुमले. "आजोबा, लेकरांना सांभाळणार ना? काय म्हणाले?"

"हो म्हणाले!" वाडी गरजली.

"मग सरकारी ट्रकात कोण बसणार?"

"कुणी नाही!"

मी मागच्या खांबाला टेकून उभी होते आणि टीव्हीऐवजी बाहेर बघत होते. कारण मंडपाबाहेर, खऱ्या डोंगराच्या माथ्यावरून सकाळपासून राखेच्या रंगाचा धूर निघत होता. विहिरींचं पाणी कोमट झालं होतं. मधूनच छपरांवरची कौलं आपसूक खडखडत, आणि लोक माना वर करून पाहत व पुन्हा टीव्हीकडे वळत. डोंगरावर नजर ठेवणाऱ्या चौकीने सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं होतं. ट्रक वाडीच्या वेशीवर उभे होते, रिकामे.

मी विदार्ती. खाली शहरात माझा फोटो स्टुडिओ आहे. माझी थोरली बहीण, म्बाक सुमिरा, म्हणजे सुमिराताई, या वाडीत एकटी राहते, तीन गाईंसोबत. तिला न्यायला मी आले होते आणि ती यायला तयार नव्हती.

"आजोबा हो म्हणालेत ना," ती कुजबुजली. "तू शहरात राहून फार शहाणी झालीस."

"म्बाक, डोंगराला मान असते का?"

"हळू बोल! ऐकतील."

"कोण? डोंगर की तुमचा वोंगसो?"

तिने मला कोपराने ढोसलं.

म्बाह वोंगसो म्हणजे काळा अंगरखा, डोक्यावर घट्ट बांधलेला फेटा, बोटांत लवंगेची सिगारेट आणि तोंडात कधी बिस्मिल्ला तर कधी डोंगरातल्या आत्म्यांच्या राजदरबाराची बातमी. पुढ्यात पिवळ्या भाताचा उंच शंकू आणि अख्खा शिजवलेला कोंबडा. शेजारी तिकाटण्यावर टीव्हीला जोडलेला कॅमेरा, त्याला हाताएवढी लांब पांढरी लेन्स, आणि कॅमेऱ्यामागे त्यांचा माणूस गुनादी, नमाजाला उभं राहावं इतका गंभीर.

"लोक विचारतात," म्बाह म्हणाले, "मोबाइलमध्ये आजोबा का डोलत नाहीत? अरे, मोबाइलला आत्मा आहे का? पहिली स्वस्तातली लेन्स आणली, तिच्यातही डोलले नाहीत. आंधळी होती ती! ही महागातली. हिच्या पोटात एक काच आहे आणि ती तरंगते. कुणी धरलेली नाही, कशाला टेकलेली नाही! या, कान लावा. आत घरघर ऐकू येते ना? तो आजोबांचा श्वास."

रांग लावून लोक लेन्सला कान लावत होते. एक म्हातारी तर रडायला लागली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. काच तरंगते हे खरंच होतं, आणि खऱ्याच्या पाठीवर बसलेलं खोटं लवकर खाली उतरत नाही. माझ्या स्टुडिओत आठवड्यातून एकदा तरी कुणी नवरदेवाचा भाऊ येतो आणि विचारतो, "बाई, ती हात हलला तरी फोटो न हलणारी लेन्स घेऊ का? जवळजवळ दुप्पट किंमत आहे." मी सांगते, हातात धरून अंधुक उजेडात फोटो काढणार असशील तर घे, पैसे वसूल होतील. तिकाटण्यावरच लावून ठेवणार असशील तर पैसे वाचव. इथे वाडीने दोन गाई विकून ती घेतली होती आणि तिकाटण्यावर लावून ठेवली होती. त्यातली एक गाय माझ्या बहिणीची.

पुढच्या प्रश्नाला मी टीव्हीकडे न बघता गुनादीच्या बोटाकडे बघितलं. म्बाहांनी डोळे मिटले, हात वर केले, गुनादीच्या तर्जनीने बटण अर्धं दाबलं, आणि वाडी ओरडली, "डोलले!"

टीव्हीच्या कोपऱ्यात मशिदीजवळच्या बांबूचा शेंडा दिसत होता. तोही डोलला होता.

"म्बाह," मी मोठ्याने म्हणाले, "डोंगराबरोबर तो बांबूही का वाकला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. म्बाह गोड हसले. "मुली, आजोबा वाकले तर बांबूने काय ताठ उभं राहायचं? एवढे संस्कार बांबूलाही असतात. शहरातल्या पोरींना नसतात."

मंडप हसून लोटपोट झाला. माझे कान तापले. युक्तिवादात मी हरले होते आणि ट्रक अजून रिकामेच होते. पायाखालची जमीन पुन्हा थरथरली, या वेळी जरा जास्त वेळ.

मग मी बहिणीच्या कानाला लागले. "म्बाक, लेन्स तुझ्या गाईची ना? मग तुझा गोठा दाखवायला सांग. गाई बऱ्या आहेत का ते बघ."

हे तिला पटलं. गाईंचा विषय निघाला की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ती उभी राहिली. "म्बाह, माफी असावी. माझी लिंतांग विकून हे यंत्र आलंय. घळीपलीकडे माझा गोठा आहे. एकदा बघू द्या."

चारचौघांत नाही म्हणायची आमच्या जावा बेटावर रीत नाही. म्बाहांनी मान डोलावली. गुनादी घुटमळला, तेवढ्यात मी पुढे होऊन कॅमेरा फिरवला. टीव्हीवर गोठा आला. दारात तांबडी गाय रवंथ करत होती.

"आता विचार," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"काहीही."

"ए तांबडे," म्बाक सुमिरा बावरून म्हणाली, "पोट भरलं का?"

मी बटण अर्धं दाबलं. गोठा वाकला, गाय वाकली, दारातला शेणाचा ढीग सुद्धा अदबीने वाकला. बटण सोडलं आणि सगळं ताठ झालं.

मग मागून एक म्हातारा खिंकाळला, "शेणसुद्धा हो म्हणालं!"

"हाताची थरथर चित्रात येऊ नये म्हणून आतली काच तरंगत असते," मी सांगितलं. "बटण अर्धं दाबलं की ती जागी होते, सोडलं की जागेवर जाऊन बसते. उठताबसताना चित्र जरासं सरकतं. इतक्या लांबचं दाखवणाऱ्या लेन्समध्ये जरासं म्हणजे अख्खा डोंगर. घरघर तिचीच आहे. आणि हे बघा, लेन्सच्या कुशीवर खटका आहे. हा बंद केला की काच झोपली. आता म्हणा मंत्र, म्बाह."

मी कॅमेरा पुन्हा डोंगराकडे वळवला. म्बाह मंत्र म्हणाले. आवाज चढवून म्हणाले, घाम पुसून म्हणाले. मी बटण पुन्हा पुन्हा दाबलं. डोंगर जागचा हलला नाही.

"कोपले आजोबा!" म्बाह किंचाळले. "बाईचा हात लागला म्हणून!"

आणि लोक चुळबुळले. मला दिसत होतं, अर्धे त्यांच्याकडे परत सरकत होते. एक बाई म्हणाली, "पण इतके दिवस आजोबांनी हो म्हटलं, ते काय खोटं?"

उत्तर मी दिलं नाही. माझ्या बहिणीने दिलं.

"चौकीचे साहेब रोज यायचे," ती सावकाश म्हणाली. "खाली चला म्हणायचे. आपण काय करायचो?"

तिने स्वतःच मान डोलवून दाखवली.

"मान डोलवायचो. हो साहेब, हो साहेब. गेलं का कुणी? मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, म्हणून आपण डोलवतो. मग आजोबा डोलले असते, तरी त्याचा अर्थ हो, हे कुणी ठरवलं?"

बाहेरची गुरगुर मंडपात स्पष्ट ऐकू येऊ लागली. आता टीव्हीवरचं चित्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर होतं. इतके दिवस सगळ्यांचं लक्ष फक्त डोलण्याकडे असायचं. आता पहिल्यांदा सगळ्यांना कड्यावरचा तो सुळका नीट दिसला, गाईच्या कानासारखा, ज्यावर नजर ठेवून इथली पोरं दिशा ओळखायला शिकतात.

"कान असा तिरका कधी झाला?" मघाचा म्हातारा म्हणाला.

आम्ही बघत असतानाच तो सुळका हलला. आणखी थोडा कलला, आणि धुळीचा एक लोट उठवत कड्याखाली नाहीसा झाला. त्याच्या जागी आतून काहीतरी लालसर फुगून वर येत होतं. मग तो आवाज पोचला.

या वेळी माझा हात बटणावर नव्हता. दोन्ही हात बहिणीच्या हातात होते.

नंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. भाताचा शंकू लवंडला, लोकांच्या पायांखाली गेला. पोरं काखेत, म्हातारी पाठीवर, गाई दोरीला. पहिल्या ट्रकात सगळ्यांच्या आधी चढून, ड्रायव्हरशेजारची जागा धरून कोण बसलं होतं, ते सांगायला नको. फेटा मात्र त्यांनी मांडीखाली लपवला होता.

ती वाडी आता नाही. मंडप होता तिथे राख आहे, आणि ती इतकी गरम की तिच्यावर अजून पाय ठेववत नाही. माणसं सगळी वाचली. म्बाक सुमिराच्या दोन गाई खाली पोचल्या, तांबडी दोर तोडून परत गोठ्याकडे पळाली. त्या गाईसाठी माझी बहीण अजून रडते, आणि मला त्या म्बाहाचा राग अजून येतो. तो एक दिवस आणखी गोड बोलला असता, तर मी आज हे कुणासाठी लिहिलं असतं?

म्हणून लेन्स घ्यायला येणाऱ्याला मी सांगते आणि तुम्हालाही सांगते: यंत्र महाग आहे म्हणून ते खरं बोलतं असं नाही. ते काय करतं, कधी करतं आणि बंद केल्यावर काय उरतं, ते आधी विचारा. विचारल्याने देव रागावत नाहीत. रागावतात ते देवाच्या नावावर जेवणारे.

परवा वाडीतली माणसं राहतात त्या छावणीत एक नवा बुवा आला होता. त्याच्या हातातल्या दिव्याची ज्योत देवाचं नाव घेतलं की निळी होते म्हणे. बायका गोळा झाल्या. माझी बहीण कंबरेवर हात ठेवून पुढे गेली.

"बुवा, चमत्कार नंतर," ती म्हणाली. "याचा खटका कुठे आहे, तो आधी बंद करून दाखवा."