हौदातला पिवळा

भागवतनं सुताची लड हौदातून वर काढली, पिळली आणि उजेडाला धरून ती निळी होईपर्यंत आकडे मोजायला सुरुवात केली. हौदातून निघालेली लड पिवळसर हिरवी असते. वारा लागला की बघता बघता निळी होते. हौद जिवंत आहे की मेलाय, ते त्यावरच कळतं. त्यानं काठीनं फेस बाजूला सारला आणि खालचं पाणी निरखलं. चांगलं पिवळं होतं.

“भाऊ, वास उतरलाय,” मागून चतुराबाई म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं नाही. चतुराबाईकडं हायड्रोची उग्र वासाची भुकटी मोजून हौदात टाकायचं काम होतं. हायड्रोशिवाय नीळ पाण्यात विरघळत नाही. तो सरला की पाणी निळं पडतं, रंग सुताच्या पोटात न शिरता नुसता अंगावर बसतो. तिचं माहेर चकलांब्याचं, घर मेंढरांचं. आजारी मेंढरू वासावरून कळतं तसा हौदही कळतो, असं ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हा भागवत म्हणाला होता, “बाई, हौदाला लेंड्या न्हाईत.” सगळे हसले होते. तीही हसली होती.

नांदूरघाटच्या रस्त्यावरचा हा कारखाना लहानसा. चार हौद, सात माणसं. जीनच्या कापडाचा निळा ताणा, म्हणजे उभं सूत, इथं रंगायचा आणि विणायला बाहेर जायचा. पण महिन्याभरात दोन गठ्ठे परत आले. कापड पांढऱ्यावर घासलं की रंग उतरत होता. मालक विजयसिंहनं विचारलं, तेव्हा भागवतनं सांगितलं होतं की हायड्रो कमी पडतोय, टाकणारीला विचारा. भागवतनं सोलापुरात तीस वर्षं हौदावर काढलेली. विजयसिंहनं टाकणारीला विचारलंच नाही, शनिवारपासून येऊ नका म्हणून तिला सांगितलं. मग भागवतच म्हणाला, एवढा शनिवार तरी भरू द्या तिला.

आज शनिवार होता. चतुराबाईनं सकाळीच आपला डबा, पेला आणि बसायचं पोतं पिशवीत भरून पिशवी दारात ठेवली होती. तिची मुलगी सुकन्या अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. अजून वर्षभराचं शिक्षण राहिलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे आज तिच्याशी कुणी फार बोलत नव्हतं.

दुपारच्या आत विजयसिंह आला. त्याच्या हातात कापडाची घडी होती. माल बाहेर जाण्याआधी आता इथंच घासून बघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं घडी मोडून कापड भागवतच्या हातात दिलं. भागवतनं ते उलटंपालटं केलं.

“मालक, हे पिवळट कावून आणलं? ह्याच्यावर काय कळणार?”

विजयसिंहनं कापडाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“कोरं हाय, काका. आत्ता दुकानातून आणलं. दुधावानी पांढरं हाय.”

भागवत हसायला गेला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. दिवाळीत त्यानं स्वतःच्या हातानं तिला चुना मारला होता. भिंतही पिवळी होती.

चार-पाच महिन्यांपासून तो बायकोवर, जानकीबाईवर, करवादत होता. धोतर पांढरं निघत नाही, नीळ जास्त घाल. ती घालत गेली. परवा स्टँडवर भेटलेला ओळखीचा उत्तरेश्वर म्हणाला होता, “काय भागवतराव, धोतरबी हौदातच बुडवता का?” कामाचे शिंतोडे असतील म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आता त्यानं खाली वाकून धोतराचा सोगा हातात घेतला. त्याला तो पांढरा दिसला. भिंतीपेक्षा, कोऱ्या कापडापेक्षाही पांढरा.

विजयसिंहनं कालची वाळलेली लड कापडावर घासली. कापडावर पट्टा उमटला.

“आजबी तेच,” तो म्हणाला आणि चतुराबाईकडं वळला.

ती भागवतच्या हातातल्या निळसर सोग्याकडं बघत होती.

भागवतनं सोगा सोडला.

“हायड्रो बरोबर व्हता, मालक. हौद मेलेला व्हता. ह्या सांगत व्हत्या. मलाच पिवळा दिसला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय वाटतं.”

“कवापासून?”

“पहिल्या गठ्ठ्यापासून असंल.”

विजयसिंह दाराकडं गेला. जाताना त्यानं चतुराबाईची पिशवी उचलून खुंटीला अडकवली.

चतुराबाईनं हायड्रो मोजला, हौदात सोडला, हलक्या हातानं ढवळला. थोडा वेळ गेला. तिनं हौदावर वाकून वास घेतला आणि मान हलवली. भागवतनं लड बुडवली. ठरलेला वेळ धरली, वर काढली, पिळली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर केली.

“रंग सांगा,” तो म्हणाला.

त्यानं हात खाली घेतले नाहीत.

“पिवळा,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “हिरवा झाला.”

भागवतच्या डोळ्यांना लड अजून पिवळीच दिसत होती. हात भरून आले होते. पुढच्या शब्दाची वाट बघत तो तसाच उभा राहिला.