अकरा रुपयांचा संबंध

अण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. भेटायला येणारे त्यांच्या फुलांच्या धंद्याबद्दल बोलतात. पंचवटीतल्या त्यांच्या गाळ्यावर झेंडू कसा निवडला जायचा, भाव कसा ठरायचा, हे सांगतात. मी ऐकून घेते, पण मला आठवतं ते त्यांचं क्रेडिट कार्ड.

ते कार्ड २००३ च्या पावसाळ्यानंतर आलं. बँकेच्या माणसाने गाळ्यावर येऊन अण्णांना समजावलं होतं, की दर महिन्याच्या पाच तारखेला बिल निघतं आणि पंचवीसपर्यंत भरायचं असतं. सहा तारखेला घेतलेली वस्तू पुढच्या महिन्याच्या बिलात येते, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी. तीच वस्तू चार तारखेला घेतली, तर हाती जेमतेम तीन आठवडे.

अण्णांना हे पंचांगासारखं वाटलं. आमच्या घरात पाच तारीख अमावास्येसारखी पाळली जाऊ लागली. त्याच्या आधी चप्पलसुद्धा घ्यायची नाही. शेजारच्या अंबूबाई टीव्ही घ्यायच्या आधी त्यांना तारीख विचारायला आल्या. त्यांच्याकडे कार्ड नव्हतं, तरी अण्णांनी त्यांना सहाच तारीख दिली.

सहा नोव्हेंबरला त्यांनी आईसाठी कपडे धुण्याचं मशीन घेतलं. आईचे हात थंडीत फुटायचे. दिवसभर ओली फुलं ओवायची आणि पहाटे गार पाण्यात कपडे. बोटांच्या पेरांतून रक्त यायचं, आणि तिला हार ओवताना सुई धरवत नसे. म्हणून मशीन. अण्णांनी तसं बोलून दाखवलं नाही. "चांगलं मिळत होतं," एवढंच म्हणाले.

"पैसे दिले का?" आईने विचारलं.

"पंचवीस डिसेंबरला द्यायचे."

"मग तेव्हाच लावू."

"अगं सरू, मधले दिवस फुकट आहेत. तीच तर गंमत आहे!"

"लोकाच्या पैशानं धुतलेलं लुगडं मी नेसायची नाय."

मशीन मोरीच्या दाराशी उभं राहिलं. त्याच्यावर आई धुतलेले कपडे पिळून ठेवायची. अण्णा जाता-येता बघायचे. "तेवढीच सोय झाली," आई म्हणायची.

डिसेंबरात अण्णांनी चेक लिहिला, बँकेच्या पेटीत टाकला आणि घरी येऊन जाहीर केलं, "भरले." आईने एक अट घातली. "एक पैसा जरी व्याज लागलं, तर वायर काढून ठेवीन." मग पहिल्यांदा मशीन लागलं. आठवडाभरात तिच्या बोटांवर खपली धरू लागली.

जानेवारीचं बिल मी वाचून दाखवलं. त्यात साडेपाचशेच्या वर व्याज होतं.

आईने वायर काढली, गुंडाळली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवली. त्या वर्षी नाशकात थंडी कडक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीतून धोपटण्याचा आवाज आला आणि अण्णा अंथरुणातच उठून बसले.

"चल गं सुवर्णे, बँकेत," ते म्हणाले. "त्यांनी फसवलंय मला."

बँकेत काउंटरवर इन्शा नावाची जुन्या नाशकातली मुलगी होती. तिने बिल पाहिलं.

"काका, तुम्ही अकरा रुपये कमी भरलेत."

"कमी नाही भरले. ठेवलेत."

ती माझ्याकडे पाहू लागली. मला ते तेव्हाच कळलं, आणि हसू दाबावं लागलं. अण्णा गाळ्यावर फुलं आणून देणाऱ्या कुठल्याच शेतकऱ्याचा हिशेब पुरा मिटवत नसत. अकरा रुपये मागे ठेवत. पुढच्या खेपेला शेतकऱ्याला ते मिळत आणि नवे अकरा राहत. हिशेब शून्यावर आला, की माणूस परत यायचं कारण उरत नाही, असं त्यांचं मत होतं.

"एवढा मोठा व्यवहार, सगळाच्या सगळा फेडून टाकायचा?" अण्णा म्हणाले. "बँकेला वाटेल, ह्याला आपलं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"काका, पूर्ण भरलं असतं तर सगळे दिवस फुकट होते. थोडं जरी मागे राहिलं, की ती सवलतच जाते. मग अकरा रुपयांवर नाही, सगळ्या रकमेवर व्याज. तेही घेतल्या दिवसापासून."

"म्हणजे दिलेले दिवस परत घेतले?"

"अटीवर दिले होते ना."

"आमची हीपण असंच करते," अण्णा म्हणाले.

इन्शा हसली. "आणि खरं सांगू? अकरा ठेवणारं गिऱ्हाईक बँकेला लय आवडतं. काकूंना आवडतं का, ते तुम्ही बघा."

अण्णांनी बिलाची घडी घातली. नियम त्यांना समजला होता. पटत नव्हता तो सगळं मिटवण्याचा भाग. शेवटी म्हणाले, "हातांचं काय ते बघायला पाहिजे." इन्शाला ते कळलं नाही. मला कळलं.

तिने फोन करून त्या दिवसापर्यंतचा पूर्ण आकडा काढून दिला. "हे भरा. आणि पुढचं बिल कोरं येईपर्यंत कार्डावर काही घेऊ नका. आता घेतलंत, तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज."

अण्णांनी चेकवर शेवटच्या पैशापर्यंत आकडा लिहिला. सही करताना ते एखादी सोयरीक मोडायला बसल्यासारखे दिसत होते.

"आता मी कोण तुमचा?" त्यांनी चेक देताना विचारलं.

"गिऱ्हाईकच, काका. उद्या परत काहीतरी घ्या."

"हे बरंय. फेडलं तरी येऊ देतात," बाहेर आल्यावर ते मला म्हणाले. गोदेवरचा पूल ओलांडेपर्यंत त्यांचा त्यावर विचार चालला होता.

घरी आईने वायर दिली नाही. तोंडी भरवसा नको, कागद दाखवा. महिनाभर ती पहाटे मोरीत बसत राहिली आणि अण्णा तिच्यासाठी बंबात पाणी तापवत राहिले. तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

फेब्रुवारीचं बिल आईने माझ्याकडून घेतलं. तिला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. व्याजाच्या रकान्यातल्या शून्यावर तिने बोट ठेवलं. मग डाळीच्या डब्यामागे हात घातला.

मशीनने पाणी घेतलं, कपडे फिरवले. पिळायची वेळ आली तसं ते मोरीच्या दाराशी जोरात हलू लागलं.

"अहो, हे थरथरतंय!"

"थरथरू दे," अण्णा आतून म्हणाले. "आपलंच आहे आता."

आईने वासराच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्यावर हात ठेवला, आणि ते थांबेपर्यंत उचलला नाही.